दिवा लागतो, पण आवाज बदलत नाही : घरी केलेल्या एका फूटस्विचचे प्रकरण

माझी भाची मिरजेत राहते, सहावीत शिकते आणि दीड वर्षापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवते. तिच्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारा, १५ वॉटचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा आणि स्वच्छ व जाड अशा दोन आवाजांसाठी दोन चॅनेल असलेला अ‍ॅम्प आहे. तो जुन्या बाजारातून घेतलेला असल्यामुळे त्याच्यासोबत माहितीपुस्तिका नव्हती आणि फूटस्विचही नव्हता. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवायच्या गाण्यात सुरुवात स्वच्छ आवाजात आणि मधला भाग फाटक्या, जाड आवाजात, म्हणजे डिस्टॉर्शनमध्ये वाजवायचा होता. हात तारांवरून न काढता हा बदल करायचा, तर तो पायानेच करणे भाग होते. अ‍ॅम्पच्या मागे ‘फूटस्विच’ असे लिहिलेले पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे भोक तिने शोधून ठेवले होते. सांगलीला माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न असा होता की, हे आपल्याला घरी करता येईल का.

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे ‘येईल’ हे उत्तर मी फार लवकर दिले. तीन रविवार चाललेल्या या कामात जी चूक झाली ती माझी होती आणि ती शोधली भाचीने. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवत आहे.

आधी अ‍ॅम्पला विचारणे

फूटस्विचच्या तयार आकृत्या पाहून थेट तारा जोडायला बसणे ही नेहमीची पद्धत आहे आणि ती मला पसंत नाही. वेगवेगळ्या अ‍ॅम्पना वेगवेगळ्या प्रकारची कळ लागते. काहींना दाबल्यावर दाबलेल्याच स्थितीत राहणारी, म्हणजे लॅचिंग कळ हवी असते, तर काहींना दारावरच्या बेलसारखी, दाबेपर्यंतच जोडलेली राहणारी मोमेंटरी कळ पुरते, कारण पुढचे लक्षात ठेवण्याचे काम अ‍ॅम्पमधील सर्किट करते. कळ विकत घेण्यापूर्वी आपला अ‍ॅम्प कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे लागते, आणि माहितीपुस्तिका हाताशी नसली तरी त्यासाठी वायरचा एक तुकडा पुरेसा असतो.

ही चाचणी आम्ही मिरजेला तिच्या घरी केली. त्यापूर्वी अ‍ॅम्पच्या मागच्या प्रत्येक भोकाखाली तिने कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या. हे काम किरकोळ नाही. फूटस्विचचे, हेडफोनचे आणि बाहेरच्या स्पीकरचे भोक दिसायला एकसारखे असते, आणि स्पीकरच्या भोकात ही चाचणी केली तर अ‍ॅम्पचे आउटपुट शॉर्ट होऊन तो जळू शकतो. अ‍ॅम्पचे झाकण उघडायचे नाही, हा नियमही तेव्हाच ठरला. आत घरातील २३० व्होल्टची वीज येते आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर आत शेकडो व्होल्ट असतात. फूटस्विचचे काम मुलांसोबत करण्याजोगे आहे ते याचमुळे, की या सगळ्याला हात न लावता ते बाहेरच्या बाहेर पुरे होते.

गिटारच्या साध्या केबलचे एक टोक फूटस्विचच्या भोकात घातले आणि दुसरे टोक तिच्या हातात दिले. प्लगच्या शेंड्याला टिप म्हणतात आणि मागच्या लांब भागाला स्लीव्ह. या दोघांना तिने वायरच्या तुकड्याने एकत्र टेकवले. आवाज लगेच जाड झाला. तुकडा उचलताच तो पुन्हा स्वच्छ झाला. जोडलेले असेपर्यंतच चॅनेल बदललेले राहते, याचा अर्थ या अ‍ॅम्पला लॅचिंग कळ हवी. एकदा टेकवून उचलल्यावरही आवाज जाडच राहिला असता, तर मोमेंटरी कळ घ्यावी लागली असती.

तिची समजूत अशी होती की, गिटारचा आवाज या केबलमधून बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. तसे असते तर वायर टेकवताना खरखर ऐकू आली असती, हे तिला मी सांगितले आणि दारावरच्या बेलचे उदाहरण दिले. बाहेरची कळ स्वतः वाजत नाही. ती आत फक्त इशारा पोचवते आणि वाजते ती घरातली घंटा. इथेही अ‍ॅम्पच्या आत एखादा रिले किंवा ट्रान्झिस्टर चॅनेल बदलण्याचे काम करतो आणि फूटस्विच त्याला केवळ ‘जोडले’ किंवा ‘सुटले’ एवढेच कळवतो. मल्टीमीटर लावला तेव्हा टिप आणि स्लीव्ह यांच्यात जेमतेम ५ व्होल्ट डीसी दिसले. हा आकडा तिने वहीत लिहिला.

दिव्याचा हट्ट

इतके कळल्यावर काम खरे तर दोन तारांचे होते. एक जॅक, म्हणजे प्लग घालायचे भोक, दोन पायांची, म्हणजे तार जोडायची दोन टोके असलेली एक कळ आणि एक डबी. परंतु तिला दिवा हवा होता, कारण स्टेजवर आपण कोणत्या चॅनेलवर आहोत हे वाजवण्याआधी समजले पाहिजे. मागणी रास्त होती.

पहिला प्रयोग आम्ही तिथेच केला. लाल एलईडी त्याच वाटेत, एकापाठोपाठ एक जोडला. काही अ‍ॅम्पमध्ये ही युक्ती चालते, कारण तेथील फूटस्विचच्या भोकातून एलईडी पेटण्यापुरती वीज हेतुपुरस्सर दिलेली असते. आमचा अ‍ॅम्प त्यांपैकी नव्हता. लाल एलईडीवर साधारण १.८ व्होल्ट अडून राहतात, त्यामुळे टिपवरील व्होल्टेज शून्याजवळ येत नव्हते. एलईडी मिणमिणत होता आणि चॅनेल कधी बदलत होते, कधी नाही. तेव्हा दिव्याला त्याची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी द्यायची आणि सहा पायांची, म्हणजे डीपीडीटी कळ वापरायची असे ठरले. अशा कळीत एका दाबाने दोन स्वतंत्र जोडण्या बदलतात. एका बाजूने अ‍ॅम्पला इशारा जाईल आणि दुसऱ्या बाजूने दिवा पेटेल; दोन्ही सर्किटांचा एकमेकांशी संबंध राहणार नाही. हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, पण पुढचा घोटाळा त्याच्याच आडोशाला लपला.

दिव्यातील वीज मर्यादित ठेवणाऱ्या रेझिस्टरची निवड तिने डोळ्यांनी केली. ९ व्होल्टमधून एलईडीचे सुमारे २ व्होल्ट वजा केले तर ७ उरतात. १ किलोओहमने ७ मिलिअँपिअर वाहतात आणि ४.७ किलोओहमने दीड मिलिअँपिअर. दोन्ही लावून तिने अंधाऱ्या खोलीत पाहिले आणि ४.७ पुरेसा आहे असे सांगितले, कारण पहिला डोळ्यांत खुपत होता. बॅटरी जास्त टिकेल हा फायदा तिला नंतर समजला.

डबी, भोके आणि डाग

डबीसाठी तिने घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला होता. पायाने दाबल्यावर झाकण आत बसते हे तिनेच उभे राहून पाहिले आणि डबा परत पिशवीत गेला. शेवटी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, सुमारे ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरची डबी मागवली. गिटारच्या पेडलसाठी हा आकार सर्रास वापरतात. कळ, जॅक, एलईडी, रेझिस्टर आणि बॅटरीची क्लिप गणपती पेठेजवळच्या एका दुकानातून आणली. जॅक तीन पायांचा मिळाला. दोन पायांचा संपला होता आणि ‘तिसरा पाय सोडून द्या’ असे दुकानदाराने सांगितले. सल्ला चुकीचा नव्हता. कोणता पाय तिसरा, हे ठरवण्यात माझी गफलत झाली.

भोके पाडण्याविषयी थोडक्यात लिहितो. आखणी तिने केली, पंचाने खूण तिने मारली, ड्रिल मी चालवले. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडले आणि ते टप्प्याटप्प्याने कळीसाठी १२ आणि जॅकसाठी साडेनऊ मिलिमीटरपर्यंत वाढवले. डबी शिकंज्यात पकडली होती, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे होते आणि तिची वेणी ओढणीखाली बांधलेली होती. ड्रिलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कारण ते फिरत्या पात्यात अडकतात, हे तिला आधी पटले नाही. पात्याला गुंडाळून आलेली अ‍ॅल्युमिनियमची लांब कात पाहिल्यावर पटले.

सोल्डरिंगला मात्र वेळ दिला पाहिजे, आणि आम्ही तो दिला. आमच्याकडे जुने लोक याला डाग देणे म्हणतात. नव्या तारांवर आणि सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर आधी सोल्डरचा पातळ थर चढवावा लागतो. हे कशासाठी, असे तिने विचारले तेव्हा तिच्या आजीला उत्तर सुचले. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा, पातेले तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचा. नवसागराने तांब्या-पितळेचा काळा थर निघाल्याशिवाय कथील बसत नसे. आमच्या सोल्डर वायरच्या पोटातील राळ तेच काम करते. माझ्या व्याख्यानांपेक्षा हा खुलासा सरस होता हे मान्य करतो.

पहिला तास तिने जुन्या रेडिओच्या पट्टीवर आणि तारांच्या तुकड्यांवर सराव केला. २५ वॉटचे आयर्न, उघडी खिडकी, शेजारी खाण्याचे काही नाही आणि काम संपल्यावर साबणाने हात धुणे, एवढी बंधने होती. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून शेवटचे बंधन सर्वांत कडक होते. तरीही एक कळ वाया गेली. तिने कळीच्या पायावर आयर्न दहा-बारा सेकंद धरून ठेवले, आतील प्लॅस्टिक मऊ झाले आणि कळीचा ‘खट्’ आवाजच नाहीसा झाला. मी कळा दोन आणल्या होत्या, म्हणून रविवार वाया गेला नाही. दुसऱ्या कळीवर ती मनात ‘एक, दोन, तीन’ मोजून आयर्न उचलत होती.

दुसऱ्या कळीचे सहा पाय कोणते कोणाशी जुळतात याचा तक्ता तिने मल्टीमीटरच्या बझरने, म्हणजे दोन टोके जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीने, स्वतः तयार केला. कळ दाबण्यापूर्वी एक रकाना, दाबल्यावर दुसरा. मधले दोन पाय सामाईक आहेत हे तिने मला सांगितले, मी तिला नव्हे. दिव्याची संपूर्ण बाजू तिने जोडली.

जॅक मी जोडला. संध्याकाळ झाली होती, बहिणीला तिला घेऊन मिरजेला परतायचे होते आणि तिचा दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ राहिला होता. जॅकच्या आतील पट्टीला, जी प्लगच्या टिपला टेकते, मी मल्टीमीटरची एक काडी लावली आणि दुसरी काडी तिन्ही पायांवर फिरवली. दोन पायांवर बझर वाजला. ‘हे दोन्ही टिपचेच,’ असे म्हणून मी त्यांतला कळीच्या जवळचा पाय निवडला, कारण तिथे तार आखूड लागत होती. सगळे जोडून झाल्यावर जॅकच्या पायांवरच काड्या टेकवून कळ दाबली. बझर वाजला, पुन्हा दाबल्यावर थांबला. लाल दिवा पेटला आणि विझला. तिने टाळ्या वाजवल्या आणि मी डबीचे चार स्क्रू आवळले.

फोनवरचे तीन तर्क

रात्री साडेनऊला फोन आला. “मामा, दिवा लागतोय, पण आवाज बदलत नाही.”

माझा पहिला तर्क केबल तुटल्याचा होता. तिने केबल बदलून पाहिली, तीच केबल गिटारला लावून वाजवून पाहिली. दोन्ही केबल चांगल्या निघाल्या. दुसरा तर्क ड्राय सोल्डरचा, म्हणजे वरून बसल्यासारखा दिसणाऱ्या पण आतून न धरलेल्या डागाचा होता, आणि खरे सांगायचे तर तो डाग तिचा असावा असे मी मनात गृहीत धरले होते. तिसरा तर्क अ‍ॅम्पच्या भोकाचा होता. तो खोडून काढायला तिला अर्धे मिनिट लागले: केबलच्या मोकळ्या टोकाला तिने पुन्हा वायरचा तुकडा टेकवला आणि आवाज बदलला. याचा अर्थ अ‍ॅम्प ठीक होता, केबल ठीक होती, दोष डबीत होता, आणि डबी तर माझ्यासमोर बझर वाजवून गेली होती.

दिव्याने आमची दिशाभूल केली हे इथे नोंदवले पाहिजे. स्वतंत्र बॅटरीवरचा दिवा कळ दाबली गेली एवढेच सांगतो. अ‍ॅम्पपर्यंत काय पोचले याची त्याला माहिती नसते. एलईडी अ‍ॅम्पच्याच वाटेत असता तर वाट तुटल्याबरोबर तोही विझला असता. दिवा लागतो आहे म्हणजे ‘निम्मे तरी बरोबर आहे’ असे मी फोनवर दोनदा म्हणालो, आणि शोध चुकीच्या निम्म्यात चालू राहिला.

पुढच्या रविवारी ती डबी आणि केबल दोन्ही घेऊन आली. केबल कशाला आणली, माझ्याकडे आहेत, असे मी म्हणालो. तिचे उत्तर असे होते की, डबी बिनकेबलची कधी चालणारच नाही, मग तपासायची पण केबल लावूनच. मिरजेत तिच्या घराजवळ तंबोरे होतात. तेथील कारागीर जवारी लावताना घोडीवर कानस फिरवतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि प्रत्येक वेळी तार छेडून ऐकतो, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. तारेशिवाय तंबोरा तपासणे तिच्या डोक्यातच येत नाही. मला मात्र टेबलावरच्या तपासणीची सवय होती.

तिने केबल डबीत घातली, काड्या केबलच्या दुसऱ्या टोकावरील टिपला आणि स्लीव्हला लावायला मला सांगितले आणि कळ दाबली. बझर वाजला नाही. पुन्हा दाबली. दिवा पेटला, बझर गप्प. मग केबल काढून मी पूर्वीसारख्या जॅकच्या पायांवर काड्या टेकवल्या, तर बझर वाजला. माझे डोके आयर्नकडे वळले होते. ती मात्र डबी उघडी ठेवून, डोळा जॅकजवळ नेऊन, प्लग सावकाश आत-बाहेर करत राहिली.

“ही पट्टी बघा. प्लग आत गेला की ही वर उचलली जाते आणि खालच्या पट्टीपासून सुटते.”

तीन पायांचा तो जॅक म्हणजे स्विच असलेला मोनो जॅक होता. त्यात एक पाय स्लीव्हचा, एक टिपचा आणि तिसरा एका स्थिर पट्टीचा असतो. प्लग नसताना टिपची पट्टी या स्थिर पट्टीवर टेकलेली असते. प्लग आत शिरला की टिपची पट्टी वर उचलली जाते आणि ती जोडणी तुटते. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो तो याच रचनेमुळे. प्लग नसताना दोन्ही पायांवर बझर वाजला म्हणून मी त्यांना एकच समजलो आणि नेमका तिसरा पाय निवडला. परिणामी आमची डबी केबल नसेपर्यंत उत्तम चालत होती आणि केबल लावताच आपले सर्किट स्वतःच तोडत होती. माझी चाचणी खोटी नव्हती, पण ती प्रत्यक्ष वापरात कधीही न येणाऱ्या स्थितीची होती.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. तार तिसऱ्या पायावरून काढून टिपच्या पायावर तिनेच जोडली, तीन मोजून. मोकळ्या पायावर टेपचा तुकडा लावला. बॅटरीचे धातूचे कवच जॅकला लागू नये म्हणून मध्ये फोमची पट्टी घातली. जॅकची स्लीव्ह नटामार्फत डबीला जोडलेली असतेच, त्यामुळे टिपची तार डबीच्या भिंतीला कुठे टेकत नाही हेही पाहिले. तशी ती टेकली असती तर कळ न दाबताही चॅनेल कायमचे जाड राहिले असते. मग पुन्हा केबल लावून, केबलच्या टोकावर, वीस वेळा दाबून तपासणी झाली. आकडा तिने ठरवला होता.

नंतरचे

संमेलनात फूटस्विच चालला. बदलताना स्पीकरमधून बारीक ‘टप्’ ऐकू येतो. वायरच्या तुकड्यानेही तो येत होता, म्हणजे तो अ‍ॅम्पच्या आतला आहे आणि त्याला आम्ही हात लावलेला नाही. सगळा खर्च, वाया गेलेल्या कळीसह, हजार रुपयांच्या आत राहिला. दोन महिन्यांनी बॅटरी संपली, कारण दिवा पेटलेल्या स्थितीतच डबी पिशवीत पडून राहिली होती. त्यावर उपाय म्हणून केबल लावल्यावरच बॅटरी जोडली जाईल असा स्टिरिओ जॅक बसवता येतो, हे मी सुचवले. तिने ते नाकारले, कारण मग दिव्याची आणि अ‍ॅम्पची सर्किटे एका ठिकाणी जोडली गेली असती. तिने झाकणावर ‘आधी दिवा विझव’ अशी चिठ्ठी लावली आहे.

अलीकडे एका वर्गमैत्रिणीच्या भावाने त्याच्या अ‍ॅम्पसाठी दोन कळांचा फूटस्विच मागितला आहे: एक चॅनेलसाठी, दुसरी रिव्हर्बसाठी, म्हणजे आवाज घुमवण्यासाठी. त्या भोकाला टिप, मधली रिंग आणि स्लीव्ह असा तीन भागांचा प्लग लागतो. मागच्या शनिवारी ती त्यांच्या घरी स्टिरिओ केबल आणि वायरचा तुकडा घेऊन गेली आणि रात्री मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. टिप आणि स्लीव्ह टेकवल्यावर चॅनेल बदलते, रिंग आणि स्लीव्ह टेकवल्यावर रिव्हर्ब बंद होतो, दोन्ही लॅचिंग. खाली जॅकचे चित्र होते, प्लग आत घातलेला, आणि प्रत्येक पायापुढे बझर वाजला की नाही याची खूण.